वाळूखालचे शेजारी

१८९३ साली साबरमतीच्या काठाने साठीला टेकलेला एक इंग्रज भूशास्त्रज्ञ हातोडी घेऊन फिरत होता. रॉबर्ट ब्रूस फूट त्याचं नाव. भारतातही अश्मयुग होऊन गेलं, हे पहिल्यांदा दाखवून दिलं ते यानेच. १८६३ मध्ये मद्रासजवळ पल्लावरमला त्याला एक घडवलेला दगड मिळाला आणि तिथून या देशाच्या प्रागितिहासाची गोष्ट सुरू झाली. सरकारी भूशास्त्र खात्यातून निवृत्त झाल्यावर तो बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या नोकरीत आला. संस्थानाची भूशास्त्रीय पाहणी करायची, असं काम होतं. पण या गृहस्थाची नजर खनिजांवर जितकी, तितकीच माणसाने फोडलेल्या दगडांवर.

साबरमतीच्या काठी सादोलिया आणि पेढामली या गावांजवळ त्याला मोठी, ओबडधोबड दगडी हत्यारं मिळाली. ती आली नदीच्या तळाशी घट्ट झालेल्या गोट्यांच्या थरातून. त्या थराच्या वर गाळ आणि वाऱ्याने आणून टाकलेली वाळू, मिळून सुमारे दोनशे फूट जाडीची. आणि या सगळ्याच्या माथ्यावर, उघड्या वाळूत, अगदी बारीक, नखाएवढ्या हत्यारांचा सडा. फूटने अनुमान काढलं: खालची माणसं वेगळी, वरची वेगळी. मधल्या दोनशे फुटांत कोणीच नाही. म्हणजे जुनी माणसं संपली, प्रदेश ओस पडला आणि फार फार काळाने कोणी दुसरेच आले.

ही पोकळी पुढे जवळजवळ पन्नास वर्षं तशीच राहिली. ती भरून काढायचं काम पडलं पुण्याच्या माणसांवर.

चिंचवडची पवना दापोडीजवळ मुळेला मिळते, मुळा पुढे संगमावर मुठेला भेटते, आणि तिथून थोडं खाली येरवड्याच्या बाजूला डेक्कन कॉलेजची १८६० च्या दशकातली दगडी इमारत उभी आहे. १९३४ मध्ये सरकारने हे कॉलेज बंद केलं होतं. माजी विद्यार्थी कोर्टात गेले, भांडले, आणि १९३९ च्या ऑगस्टमध्ये ते पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं. त्या पहिल्या तुकडीत जे अध्यापक नेमले गेले, त्यांत हसमुख धीरजलाल सांकलिया होते आणि इरावती कर्वेही होत्या. दोघंही पस्तिशीच्या आतले.

सांकलिया मुंबईचे गुजराती. लंडनला पीएचडी केली ती गुजरातच्या पुरातत्त्वावर. मंदिरं, मूर्ती, ताम्रपट हा त्यांचा प्रांत. दगडी हत्यारांचं शिक्षण असं त्यांना नव्हतं. त्यांना या वाटेला लावलं काशिनाथ नारायण दीक्षितांनी. दीक्षित तेव्हा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक होते. फूटची पोकळी खरी की खोटी, ते गुजरातेत जाऊन तपासा, असा त्यांचा आग्रह. १९४१–४२ मध्ये, बाहेर महायुद्ध पेटलेलं असताना, पहिली गुजरात प्रागैतिहासिक मोहीम निघाली.

साबरमती, मही, ओरसंग या नद्यांचे काठ पालथे घातल्यावर एवढं नक्की झालं की फूटने पाहिलेले थर खरे होते. मधल्या जाड गाळात मात्र काही हाती लागेना. मग शोध वरच्या टोकाकडून घ्यायचं ठरलं: वाळूच्या टेकाडांवर जी बारीक हत्यारं विखुरलेली दिसतात, ती टेकाडं खणून पाहायची. मेहसाणा जिल्ह्यातल्या लांघणज गावाजवळचं एक टेकाड त्यासाठी निवडलं. गावकरी त्याला अंधारियो टिंबो म्हणत. जवळच पावसाळ्यात पाणी साठणारा सखल भाग. वाळवंट म्हणावं असा हा प्रदेश नव्हे. थरची वाळू जिथे गुजरातच्या मैदानात विरत जाते ती ही कड. पण पाय रुततो तो वाळूतच.

१९४४ पासून लांघणजला खणायला सुरुवात झाली, तेव्हा सांकलियांच्या बरोबर इरावतीबाई होत्या. मराठी वाचकाला त्या ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून, पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या कर्वे घराण्याच्या सूनबाई म्हणून ओळखीच्या असतात. त्यांची मूळ विद्या मात्र कवट्या मोजण्याची. बर्लिनला त्यांनी पीएचडी केली ती माणसाच्या कवटीच्या दोन बाजूंमधल्या असमानतेवर. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्व मानणारे. शिष्येचा निष्कर्ष मात्र गुरूच्या अपेक्षेला धरून आला नाही. असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही, असं तिने सरळ लिहिलं. अशी बाई वाळूच्या खड्ड्यात उतरली आणि तिथे माणसं सापडली, हा योग मोठाच म्हणायचा.

कारण टेकाडात खरंच माणसं निघाली. गुडघे पोटाशी घेऊन, कुशीवर निजवावं तशी पुरलेली. पुढे १९६३ पर्यंत वेगवेगळ्या हंगामांत खणून एकूण चौदा सांगाडे हाती आले. भारतात मध्याश्मयुगीन हत्यारांच्या सोबत, नीट खणून काढलेली एवढी माणसं तोवर मिळालेली नव्हती. आतापर्यंत दगड होते, दगड फोडणारे हात नव्हते. ते लांघणजला मिळाले.

त्यांच्याभोवती पडलेली हत्यारं पाहण्यासारखी आहेत. अकीक, चर्ट, गारगोटी अशा टणक दगडाचा छोटा गाभा घ्यायचा, त्याच्या कडेवर नेमका दाब किंवा ठोका देऊन लांबट पाती काढायची, मग त्या पात्याची एक कड बारीक टिचवून बोथट करायची आणि दुसरी तशीच धारदार ठेवायची. कधी आकार चंद्रकोरीचा, कधी त्रिकोणी, कधी समलंब. बहुतेकांची लांबी एक ते चार सेंटिमीटर. इतकं लहान हत्यार हातात धरून वापरायचं नसतंच. बोथट कड लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत डिंक-राळेने बसवायची आणि अशी चार-पाच पाती ओळीने लावली की विळा झाला, टोकाला एक लावलं की बाण झाला. भोसरी-चिंचवडच्या कारखान्यात सीएनसी चालवणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही: धार गेली की तो इन्सर्ट बदलतो, होल्डर तोच ठेवतो. पातं तुटलं तर नवं बसवायचं, दांडा तोच. चांगला दगड मैलोनमैल मिळत नाही, अशा वाळूच्या मुलखात याहून शहाणपणाची सोय दुसरी नव्हती.

सांगाड्यांसोबत जनावरांची हाडंही निघाली, आणि तिथे पहिला धक्का बसला. काळवीट, नीलगाय, रानडुक्कर, लांडगा, मुंगूस, कासव, मासे, इथवर ठीक. पण बारशिंगा आणि पाडाहरणही होतं, जे दलदलीच्या, उंच गवताच्या आसऱ्याने राहतं. आणि गेंडा! गेंड्याच्या फऱ्याचं एक मोठं हाड मिळालं, त्यावर ठोकल्याचे बारीक खळगे. बारीक हत्यारं घडवताना खाली ऐरण म्हणून ते वापरलं असावं, असा अभ्यासकांचा कयास. ज्या मुलखात आज जनावराला चारा-पाणी शोधत फिरावं लागतं, तिथे कधीकाळी गेंडा डुंबत होता.

मग वाळू आली कधी, आणि ओल गेली कधी? हा प्रश्न नुसत्या पुरातत्त्वाने सुटणारा नव्हता. १९४९ मध्ये सांकलियांनी लंडनहून फ्रेडरिक झॉयनर यांना बोलावलं. हिमयुगातल्या हवामानाची कालगणना हा त्यांचा विषय. झॉयनरांनी लांघणजचा खड्डा पाहिला आणि वाळूत गाडल्या गेलेल्या जुन्या मातीच्या पट्ट्याकडे बोट दाखवलं. वाळू वाऱ्याने येत असते तोवर माती तयार होत नाही. टेकाड थांबलं, त्यावर गवत-झुडूप उगवलं, पाऊस बऱ्यापैकी पडू लागला, की मगच वरचा थर रापून माती होते. म्हणजे टेकाडाने कोरडेपणा आणि ओल यांची नोंद स्वतःच्या पोटात ठेवलेली होती. लांघणजची माणसं आली ती वाळू स्थिरावल्यावर, ओलीच्या दिवसांत. वाळवंट जिंकणारे वगैरे ते कोणी नव्हते.

झॉयनरांचं म्हणणं पुढच्या वर्षी डेक्कन कॉलेजने पुस्तकरूपाने छापलं. त्याचा खरा परिणाम पुण्यात झाला. तेव्हापासून तिथल्या पुरातत्त्वात मातीचा, गाळाचा, वाळूचा जाणकार हवाच, असा शिरस्ता पडला. शरद राजगुरूंसारख्या भूपुरातत्त्वज्ञांची पिढी त्यातून तयार झाली आणि हत्यार सापडलं की ‘कोणत्या थरात?’ हा प्रश्न आधी विचारला जाऊ लागला.

या सगळ्या कौतुकात एक गोष्ट झाकून ठेवू नये. लांघणजच्या सांगाड्यांवर पहिले जे लेख आले, त्यांत त्या काळाच्या रिवाजाप्रमाणे कवटीच्या मापांवरून वंश ठरवायचा खटाटोप होता. आफ्रिकेशी, प्राचीन इजिप्तशी नाती जोडून पाहिली गेली. पुढे मानवशास्त्राने ही पद्धतच टाकून दिली. आज त्या हाडांना अभ्यासक विचारतात ते दुसरंच: ही माणसं किती वर्षं जगली, काय खात होती, अंगमेहनत कशी करत होती.

खरी उलथापालथ केली ती कार्बन कालमापनाने. सगळ्यांनी लांघणज फार जुनं धरलं होतं. शेतीच्या आधीचं, धातूच्या आधीचं. तारीख आली इसवी सनपूर्व सुमारे २०००. म्हणजे लांघणजचा शिकारी बाण लावून काळवीट मारत होता, तेव्हा तिथून दक्षिणेला लोथलमध्ये हडप्पा संस्कृतीचे कारागीर मणी घडवत होते, शिक्के उमटवत होते, वजनं तोलत होते. दोघांचा काळ एकच.

मग खणलेल्या वस्तूंकडे पुन्हा पाहिलं गेलं. टेकाडात तांब्याची एक सुरी मिळाली होती. सागरी शिंपल्यांचे, डेंटालियमचे मणी मिळाले होते, आणि समुद्र काही लांघणजच्या शिवेवर नाही. या वस्तू टेकाडावर कशा आल्या? १९७९ मध्ये ग्रेगरी पोसेल आणि केनेथ केनेडी या अमेरिकी अभ्यासकांनी त्याचं सरळ उत्तर मांडलं: देवघेवीतून. शिकाऱ्यांकडे रान होतं; मध, डिंक, कातडी, मांस, अकीकासारख्या दगडांच्या जागांची माहिती. नगराकडे तांबं होतं, धान्य होतं. लांघणजचे लोक मागे राहिलेले नव्हते. ते शेजारी होते, आणि शेजाऱ्याचा व्यवहार करत होते.

फूटची पोकळी भरायला निघालेल्या मोहिमेला असं काही सापडलं, ज्याची ती वाटच पाहत नव्हती. आधी शिकार, मग शेती, मग नगर, अशी एकामागून एक पायरी शाळेच्या पुस्तकात आपण वाचतो. गुजरातच्या वाळूत या तिन्ही पायऱ्यांवर एकाच वेळी माणसं उभी होती.

पुढचा अध्याय राजस्थानचा, आणि त्याचा नायक वीरेंद्रनाथ मिश्र. मिश्र उत्तर प्रदेशातले. सांकलियांकडे पीएचडी करायला पुण्याला आले आणि मग आयुष्यभर इथलेच झाले. पुढे ते डेक्कन कॉलेजचे संचालकही होते. मेवाडच्या नद्यांचे काठ चालून त्यांनी प्रबंध लिहिला, आणि १९६७ मध्ये भिलवाड्याच्या पश्चिमेला कोठारी नदीकाठी बागोर गावाजवळ त्यांना एक वाळूचं टेकाड दिसलं. लोक त्याला महासती म्हणत. डेक्कन कॉलेज, राजस्थान सरकारचं पुरातत्त्व खातं आणि जर्मनीतलं हायडेलबर्ग विद्यापीठ यांनी मिळून १९६८ ते १९७० दरम्यान ते खणलं.

बागोरमध्ये बारीक हत्यारांचा अक्षरशः पाऊस पडला. लांघणजला जी गोष्ट अर्धवट दिसली होती, ती इथे सलग वाचता आली. मिश्रांनी तिचे तीन टप्पे लावले. पहिला, इसवी सनपूर्व सुमारे ५००० पासून: दगड अंथरून केलेल्या जमिनी, झोपड्यांच्या गोल मांडणीच्या खुणा, हाडांचे ढीग. दुसरा, सुमारे २८०० पासून: हत्यारं तीच, पण आता मडकी आली आणि तांबं आलं. तांब्याची बाणटोकं मिळाली, त्यांतल्या काहींचा घाट हडप्पाच्या टोकांशी जुळणारा. तिसरा, लोखंडाचा. आणि या तिन्ही टप्प्यांत गारगोटीची बारीक पाती थांबत नाहीत. तांबं हातात आलं म्हणून लोकांनी दगड फेकून दिला, असं झालेलं नाही. तांबं महाग, दगड फुकट. माणूस तेव्हाही हिशेबी होता.

ही तांब्याची टोकं आली कुठून, याचाही माग लागला. सीकर जिल्ह्यातल्या गणेश्वरला खेतडीच्या तांब्याच्या खाणींजवळ तांब्याची बाणटोकं शेकड्यांनी निघाली. तिथले लोक तांबं वितळवून हत्यारं करत आणि ती दूरवर जात. बागोरचा शिकारी त्या जाळ्याच्या एका टोकाला होता. बागोरच्या हाडांत मेंढ्या-बकऱ्यांचीही हाडं आहेत. डेक्कन कॉलेजचे पी. के. थॉमस यांनी ती पाळीव जनावरांची मानली. यावर वाद आहे. पण शिकारी आणि धनगर यांच्यातली रेघ तिथे पुसट होत चालली होती, एवढं म्हणायला हरकत नाही. तेव्हाच्या बाडमेर जिल्ह्यात लुणी नदीकाठी तिलवाड्यालाही मिश्रांनी असंच एक टेकाड खणलं आणि तिथेही झोपड्यांची गोल वर्तुळं, मधे चूल, भोवती बारीक पाती हेच चित्र दिसलं.

मिश्रांचं एक वैशिष्ट्य सांगायलाच हवं. मेलेल्यांच्या हाडांवर त्यांचं समाधान होत नसे. राजस्थानातले वन-वागरी नावाचे शिकारी भटके लोक त्यांनी जवळून पाहिले, त्यांच्यावर लिहिलं. वाळवंटातले हे शिकारी जगतात कसे, जाळी कशी लावतात, गावाशी त्यांचा व्यवहार कसा. हीच गोष्ट महाराष्ट्रात कोणी शोधायला निघालं तर त्याला फासेपारध्यांकडे जावं लागेल. तितर-लावे, हरणं फाशात पकडायची, शिकार गावात विकायची, बदल्यात धान्य घ्यायचं, हे पारध्यांचं जगणं इंग्रजांच्या काळापर्यंत चालू होतं. इंग्रजांनी त्यांना गुन्हेगार जमात ठरवलं, तो शिक्का १९५२ मध्ये कायद्याने पुसला गेला. लोकांच्या मनातून पुसला गेला का, ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. लांघणजच्या माणसांना ‘आदिमानव’ म्हणून काचेच्या कपाटात ठेवताना हा शेजार आठवावा.

बागोर फार तर सात हजार वर्षांचं. त्याखाली, फूटच्या दोनशे फुटांत, काय होतं? ते उत्तर नागौरकडच्या डिडवाण्याने दिलं. खाऱ्या सरोवराच्या काठचं हे गाव. १९८० च्या सुमारास मिश्र, राजगुरू, जोधपूरच्या केंद्रीय रुक्ष क्षेत्र संशोधन संस्थेचे आर. पी. धीर आणि अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे शास्त्रज्ञ अशी मोट बांधून इथे काम सुरू झालं. ‘१६-आर’ या नावाने ओळखलं जाणारं एक वाळूचं टेकाड त्यांनी वरून खाली खणत नेलं, जवळपास वीस मीटर.

त्या कापावर उभं राहिलं की काय दिसतं? नुसती पिवळी वाळू नव्हे. मधेच चुनकंकराचे पांढरट खडे, मग लालसर, घट्ट झालेला पट्टा, पुन्हा मोकळी वाळू, पुन्हा पट्टा. वाळू म्हणजे कोरडा काळ, पट्टा म्हणजे गवताळ, ओलसर काळ. आणि एकाखाली एक वेगवेगळ्या पातळ्यांवर माणसाने फोडलेले दगड. वरच्या भागात पाती, खाली छिलके, त्याहून खाली आणखी जुनी हत्यारं. वाळवंट कधी फुगलं, कधी आक्रसलं. माणूस त्याच्या कडेकडेने आत आला, बाहेर गेला, परत आला. फूटची पोकळी इथे भरली. ती पोकळी म्हणजे माणसांचा अभाव नव्हता. साबरमतीच्या काठावर बघणाऱ्याला ती माणसं दिसत नव्हती एवढंच.

जवळच सिंगी तलावाच्या काठी मिश्रांनी फ्रान्सच्या क्लेअर गेलार्ड यांच्याबरोबर खणलं, आणि हातकुऱ्हाडींच्या त्या वस्तीत सहा छोटे स्फटिक मिळाले. नैसर्गिक, न घडवलेले, हत्यार करायला फारच लहान. ते त्या जागी आपोआप येणं अवघड. कोणीतरी उचलून आणले असावेत, कशासाठी तर दिसायला छान म्हणून. १९८९ मध्ये हे छापून आलं तेव्हा जगभर त्याची चर्चा झाली. हातकुऱ्हाड घडवणारा तो माणूस आपल्या प्रजातीचाही नसावा. तरी चकाकणाऱ्या दगडाचा मोह त्याला होता.

या जागेचं वय मात्र अनेक वर्षं भांडणाचा विषय होतं. काही लाख वर्षं जुने अंदाज निघाले, त्यांची आपसात फारकत मोठी. २०२१ मध्ये जेम्स ब्लिंकहॉर्न, अण्णा विद्यापीठाच्या हेमा अच्युतन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळूच्या कणावर शेवटचा सूर्यप्रकाश कधी पडला हे मोजणाऱ्या पद्धतीने उत्तर दिलं: सुमारे १ लाख ७७ हजार वर्षं. अंदाजापेक्षा हे वय तरुण, पण त्यामुळे जागेचं महत्त्व वाढलं. जगात इतरत्र हातकुऱ्हाडींची परंपरा मागे पडत असताना थरच्या काठी ती टिकून होती, जवळपास आधुनिक माणूस आशियात यायच्या सुमारापर्यंत. त्याच्या आदल्या वर्षी याच गटाने बिकानेरजवळ नाल इथल्या खाणीतून दाखवून दिलं होतं की १ लाख ७२ हजार वर्षांपूर्वी थरच्या मध्यातून एक नदी वाहत होती. कटोतीला, त्याच पट्ट्यात, ९६ हजार वर्षांपूर्वीची मध्य-पुराश्मयुगीन वस्ती मिळाली. पाणी होतं तेव्हा माणूस होता. इतकं साधं सूत्र, पण ते हातात यायला सव्वाशे वर्षं लागली.

आता महाराष्ट्राकडे वळायचं तर हे कोरडेपण थरपुरतं नव्हतं, हे आधी सांगायला हवं. गेल्या हिमयुगाच्या ऐन भरात मान्सून दुबळा झाला होता आणि दख्खनचं पठारही रुक्ष झालं होतं. त्याचा सर्वांत नवलाचा पुरावा खानदेशात आहे. चाळीसगाव तालुक्यातलं पाटणे, पाटणादेवीचं गाव. भास्कराचार्यांच्या नातवाशी, चांगदेवाशी, निगडित शिलालेख इथेच भाऊ दाजी लाडांना सापडला, म्हणून गणिताच्या माणसांना हे नाव ठाऊक असतं. त्याच पाटण्यात १९७२–७३ मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षणाचे एस. ए. साळी यांनी खणलं आणि शहामृगाच्या अंड्यांची कवचं निघाली. शहामृग, खानदेशात! कवचाचे मणी, आणि एका तुकड्यावर समांतर रेघांच्या चौकटीत आडव्या-तिरप्या रेघांची कोरीव जाळी. वय सुमारे २५ हजार वर्षं.

असा मणी करायचा म्हणजे चिकाटीचं काम. कवचाचा तुकडा तोडून गोलाकार टिचवायचा, टोकदार गारगोटीने दोन्ही बाजूंनी भोक पाडायचं, असे बरेच तुकडे एका दोरीत ओवून खरबरीत दगडावर एकदम घासायचे म्हणजे सगळे सारख्या मापाचे होतात. आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटात सॅन लोक अगदी आतापर्यंत असेच मणी करत आले. २०१७ मध्ये राजस्थान आणि मध्य प्रदेशातून मिळालेल्या अशा कवचांतून डीएनए काढण्यात आला, तेव्हा हा पक्षी आफ्रिकेतल्या शहामृगाचाच जवळचा भाऊबंद निघाला. मोकळ्या, झुडपी, कोरड्या माळावर राहणारा हा पक्षी. तो खानदेशात धावत होता, यावरून तिथला माळ कसा असेल ते कळतं.

चाकणकरांना आणखी जवळचं उदाहरण हवं असेल तर नाशिक रस्त्याला लागावं. राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव मागे टाकून पुढे जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी बोरी गाव आहे. १९८० च्या दशकात तिथल्या नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा पांढरट थर आणि त्याच्या संगतीने हातकुऱ्हाडींच्या काळातली हत्यारं मिळाली, आणि पुण्याच्या अभ्यासकांमध्ये खळबळ उडाली. राखेचं वय आधी १४ लाख वर्षं निघालं, मग ६ लाख ७० हजार. दुसऱ्या गटाने सांगितलं, ही तर सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची ७४ हजार वर्षांपूर्वीची राख. वाद अजून पुरता मिटलेला नाही. पण ज्या रस्त्याने रोज हजारो कंटेनर चाकणहून उत्तरेला धावतात, त्याच्या कडेच्या नदीत एवढी जुनी माणसं राहून गेली, याची दाद रस्त्यावरच्या कोणालाच नसते.

ही सगळी ठिकाणं एका बाबतीत सारखी आहेत. ती देवळासारखी डोळ्यांत भरत नाहीत. वाळूचं टेकाड, नदीचा कापलेला काठ, मुरुमाची खाण. कोणाच्याही नजरेत ती नुसती माती. नालची नदी खाणीतच दिसली, कारण खाणीने थर उघडे केले होते. आणि तीच खाण ते थर नाहीसेही करते. राजस्थानात टेकाडं शेतीसाठी सपाट होत आहेत, महाराष्ट्रात नदीची वाळू ट्रकने जाते. तेव्हा भामा, इंद्रायणी, भीमा किंवा कुकडीकाठी पाया खणताना, विहीर पाडताना गोट्यांच्या थरात कडा टिचलेले, हातात बसणारे दगड किंवा पांढरी राख दिसली, तर जेसीबी तासभर थांबवा, आहे त्या जागीच फोटो काढा, आणि येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाला कळवा. दगड उचलून घरी आणू नका. कोणत्या थरात होता हे कळलं नाही, तर त्याचा काही उपयोग नाही.